कुणाचं रं तू?

आमच्या माण-खटावात अनोळखी पोर वाटेला दिसलं की मोठ्या माणसाचा पहिला सवाल ठरलेला असतो. कुणाचं रं तू? नाव विचारत नाहीत, वय विचारत नाहीत, जेवलास का हे तर नाहीच नाही. कुणाचं? बापाचं नाव कळलं की आडनाव कळतं. आडनाव कळलं की आळी कळते. आळी कळली की त्या पोराला ओट्यावर बसवायचं का उंबऱ्याखाली उभं ठेवायचं ते ठरतं. पाणी पेल्यातनं द्यायचं का वरनं ओंजळीत सोडायचं तेही ठरतं. एका सवालात सगळा निकाल.

हा सवाल फक्त गावच्या पारावर विचारला जातो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तो भ्रम डोक्यातनं काढून टाकावा. बंदूकवालाही हाच सवाल विचारतो. पंचनामा लिहिणारा हाच विचारतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमी कितव्या पानावर टाकायची हे ठरवणारा शहाणाही हाच विचारतो. मेलेलं लेकरू कुणाचं हे आधी ठरतं. ते लेकरू होतं का नव्हतं हे मागनं ठरतं.

ह्या देशात बंदुकांच्या मधे सापडून मेलेल्या, पळवलेल्या, जुंपलेल्या पोरांबद्दल आम्हाला बोलायचंय. ते बोलायला गडचिरोलीपर्यंत, बिहारपर्यंत जावं लागेल. पण सुरुवात वडूजपासनंच करू. कारण वडूजच्या कचेरीपुढं सांडलेलं रक्त आम्ही लहानपणापासनं ऐकत आलोय, आणि त्याच दिवशी दुसरीकडं सांडलेल्या रक्ताचा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही.

१

९ सप्टेंबर १९४२. वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा आला. वडगावचे परशुराम घार्गे पुढं होते. आदल्या आठवड्यात, ३ सप्टेंबरला, तासगावच्या कचेरीवर लोकांनी गोळी न खाता झेंडा लावला होता. वडूजला सरकारनं ते होऊ दिलं नाही. गोळ्या सुटल्या. वडूजचे नऊ हुतात्मे म्हणतात ते हे. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. पुढं ह्याच मुलखात पत्रीसरकार उभं राहिलं. हे सगळ्यांना पाठ आहे. ह्या हुतात्म्यांना आमचा सलाम आहे. त्याबद्दल वाद नाही.

आता तीच तारीख. तोच ९ सप्टेंबर. गाव नंदुरबार. मोर्चात शाळेची पोरं. पुढं शिरीषकुमार मेहता. जन्म २८ डिसेंबर १९२६. म्हंजे सोळा वर्षं पुरी व्हायला अजून साडेतीन महिने होते. पोलिसानं मुलींवर बंदूक रोखली तेव्हा मारायचं तर मला मार म्हणून हे पोरगं पुढं झालं असं सांगतात. त्याला गोळ्या घातल्या. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हेही गेले.

ह्या पोरांच्या धारिष्टापुढं आम्ही मान झुकवतो. पण पुढं ह्या देशानं काय केलं ते बघा. एक शब्द तयार केला. बालहुतात्मा. चौकात पुतळा, पुस्तकात धडा, तारखेला हार. आणि तिथंच हिशेब बंद. हुकूम कुणी दिला? धडा वाचणाऱ्या पोरांपैकी कुणाला ते नाव ठाऊक आहे? त्याला पुढं कोणत्या कोर्टात उभं केलं? पोरं पुढं आणि मोठी माणसं मागं असा मोर्चा निघाला तरी कसा? ९ ऑगस्टच्या पहाटे सगळे मोठे पुढारी उचलून तुरुंगात टाकले होते, चळवळ पोरांच्या हातात येऊन पडली होती, हे खरं. तरीपण सवाल उरतोच. धारिष्ट पोराचं होतं. लाज मोठ्यांची होती. आपण धारिष्टाची पूजा करतो नि लाज त्या हाराखाली झाकून टाकतो.

मेलेल्या पोराला हुतात्मा म्हटलं की ते एका फटक्यात मोठं होतं. मग त्याचं वय कुणी बघत नाही. त्याला गणिताचा पेपर अवघड जात होता का, त्याची आई दारात किती वर्षं बसून राहिली, हे कुणाला नको असतं. मोठेपण देऊन लहानपण काढून घ्यायचं, हा एक प्रकार झाला.

२

दुसरा प्रकार ह्याच्या उलटा आहे. तिथं हार नाही, पुतळा नाही. तिथं प्रेसनोट आहे.

एप्रिल २०१८. गडचिरोली जिल्ह्यात इंद्रावतीच्या काठी कसनासूर-बोरियाची चकमक झाली. लगेच दुसरी चकमक राजाराम खांदल्याच्या बाजूला. दोन दिवसांत चाळीस नक्षलवादी मारले असा पोलिसांचा आकडा आला. नदीतनं प्रेतं वर येत होती. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्ली गावातली आठ तरणी पोरंपोरी घरातनं निघालेली, परत आली नव्हती. घरची माणसं म्हणाली, पोरं लग्नाला गेली होती, त्यातली काही अजून अठराचीसुद्धा नव्हती. पोलीस म्हणाले, ही नुकतीच नक्षलवाद्यांना जाऊन मिळाली होती.

आम्ही इथं वडूजात बसून कोण खरं ते ठरवत नाही. आम्ही फक्त एवढं विचारतो. घरच्यांचं खरं धरलं तर लग्नाला निघालेली पोरं मारली. पोलिसांचं खरं धरलं तर चार दिवसांमागं दलमनं नादाला लावून नेलेली पोरं मारली. दुसऱ्या बाजूनं बघितलं तरी अठराच्या आतलं पोर गुन्हेगार ठरत नाही, ते पळवलेलं पोर ठरतं. हे आम्ही आमच्या मनचं सांगत नाही. भारत सरकारनं ३० नोव्हेंबर २००५ ला ज्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्कामोर्तब केलं त्यातच ते आहे. सशस्त्र संघर्षात पोरांना ओढू नका, ओढलेली पोरं सोडवून आणा, त्यांना बरं करा, माणसांत आणा, हा त्या कराराचा गाभा. सही आपली. शाई आपली. आणि इंद्रावतीच्या पाण्यात प्रेतंही आपलीच.

छत्तीसगडात बिजापूर जिल्ह्यात सारकेगुडा नावाचं गाव आहे. जून २०१२ च्या एका रात्री तिथं सतरा आदिवासी मारले गेले. त्यात शाळकरी वयाची पोरं होती. सगळे नक्षलवादी, असं तेव्हा सांगितलं. न्यायमूर्ती व्ही. के. अगरवाल ह्यांचा आयोग बसला. २०१९ मध्ये अहवाल आला, की मेलेले माओवादी होते ह्याला पुरावा नाही. सात वर्षं! सात वर्षं ती पोरं सरकारी कागदावर अतिरेकी म्हणून मेलेली होती. तोवर त्यांची बरोबरीची पोरं लग्नाला आली.

आता कायद्याची गंमत बघा. बालन्याय कायदा, २०१५. त्यात कलम ९४ आहे. पोराचं वय ठरवायचं तर आधी शाळेचा दाखला बघा, तो नसेल तर पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला बघा, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी करा. फार चांगलं कलम आहे. पण ते जित्या पोराला. चकमकीत पडलेल्या पोराचं वय प्रेसनोट निघायच्या आधी कोण तपासतं? मेलेल्याची जात आणि टोळी दोन तासांत ठरते. वय ठरायला आयोग बसावा लागतो.

३

इथं आमचे काही क्रांतिकारक मित्र खूष होऊन मान डोलवायला लागले असतील. त्यांनी जरा थांबावं.

नक्षलवाद्यांनी बालसंघम चालवले ते कशासाठी? पोरांना गाणी शिकवायला एवढंच? गाण्यानंतर निरोप, निरोपानंतर पहारा, पहाऱ्यानंतर हत्यार. ही पायरी कोण कुणाला शिकवतंय? ज्या आदिवासीच्या घरात शाळा पोचली नाही तिथं दलम पोचलं नि घरटी एक पोर मागू लागलं. आमच्या बापजाद्यांना हे नवं नाही. पाटलाच्या वाड्यावर घरटी एक माणूस वेठीला जायचं. त्याला महारकी म्हणत. मग हे काय आहे? वेठ ती वेठच. पाटलानं मागितली तरी वेठ नि मुक्तीच्या नावानं मागितली तरी वेठ. शाळांच्या इमारती सुरुंगानं उडवणारे हेच. काय म्हणे, पोलीस त्यात मुक्काम टाकतात.

पोलीस मुक्काम टाकत होते हेही खरं. छत्तीसगडात शाळांमधे फौजा बसल्या होत्या. सुप्रीम कोर्टाला २०११ मध्ये सांगावं लागलं, की शाळा नि वसतिगृहं मोकळी करा. म्हंजे एक जण शाळेत बंदूक घेऊन बसतो म्हणून दुसरा ती शाळा उडवतो. दोघांच्या भांडणात फळा कुणाचा फुटला? ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा फळा बघितला होता त्याचा.

२००५ मध्ये सलवा जुडूम उभं केलं. आदिवासीच्या हातात बंदूक देऊन आदिवासीवर सोडायचं, असला तो धंदा. त्यात विशेष पोलीस अधिकारी म्हणून कोवळी पोरं भरल्याच्या तक्रारी झाल्या. ५ जुलै २०११ ला नंदिनी सुंदर खटल्यात सुप्रीम कोर्टानं हा सगळा प्रकार घटनेविरुद्ध ठरवला. शिक्षण नसलेल्या, पोटाला नसलेल्या आदिवासी पोरांना चार पैशांवर मरायला पुढं काढायचं, ह्यावर कोर्टानं सरकारला फैलावर घेतलं.

तरी कायद्याचा एक डोळा मिटलेलाच आहे. बालन्याय कायद्याचं कलम ८३ वाचा. अतिरेकी टोळीनं पोर भरती केलं किंवा वापरलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, पाच लाख दंड. बरोबर आहे, घाला आत. पण पहिल्या पोटकलमात पकडायचे ते फक्त सरकार नसलेले. सरकारी बंदुकीमागं पोर उभं केलं तर ते कुठल्या कलमात बसवायचं? खबऱ्या म्हणून चौदा वर्षांच्या पोराला कुणी रानात धाडलं तर?

आणि सरळ सैन्यात जाणाऱ्यांचं? २००५ च्या त्या करारासोबत सरकारनं लिहून दिलं, की आमच्या सैन्यात भरतीचं किमान वय सोळा, मात्र अठरा झाल्याशिवाय लढाईच्या जागी धाडत नाही. २०२२ ची अग्निपथ योजना साडेसतरापासनं घेते. नियमाप्रमाणं सगळं बरोबर. पण पहाटे आमच्या दुष्काळी तालुक्यांतल्या रस्त्यांवर छाती फुटेस्तोवर पळणारी पोरं बघा नि मग पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतली तेवढीच पोरं त्या वेळेला कुठल्या क्लासात बसलेली असतात ते बघा. ज्याच्या रानात पाणी नाही त्याचंच पोर सीमेवर. देशप्रेमाचा वाटाही इथं पाणीपट्टी बघून वाटला जातो.

श्रीलंकेत लिट्टेनं तमिळ पोरांच्या गळ्यात सायनाईडच्या कुप्या बांधल्या. तेही मुक्तीच्याच नावानं. गाझात ऑक्टोबर २०२३ पासनं हजारो लेकरं ढिगाऱ्याखाली गेली, तीही सुरक्षेच्या नावानं. नाव कुठलंही घ्या. बंदूक डावी असो नाहीतर उजवी, कोवळ्या खांद्याला तिचं वजन तेवढंच लागतं.

४

आता मुद्द्याचं. ही पोरं कुणाची?

२५ डिसेंबर. ही तारीख आम्हाला माहीत आहे. १९२७ मध्ये ह्याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली. १९६८ मध्ये ह्याच तारखेच्या रात्री तामिळनाडूत किळवेन्मणीला मजुरी वाढवून मागणाऱ्या दलितांची झोपडी जाळली. जीव वाचवायला माणसं एका झोपडीत शिरली होती. चव्वेचाळीस जीव जळाले. बहुतेक बायका नि लेकरं. आम्ही पुस्तक जाळलं होतं. त्यांनी लेकरं जाळली. आणि जमीनदार वरच्या कोर्टात सुटले.

११ जुलै १९९६. बिहारात भोजपूर जिल्ह्यातला बथानी टोला. रणवीर सेनेनं एकवीस माणसं मारली. दलित आणि मुसलमान. त्यात बायका-पोरं जास्त, अगदी अंगावरची तान्ही. १ डिसेंबर १९९७. सोन नदीच्या काठचा लक्ष्मणपूर बाथे. अठ्ठावन्न दलित एका रात्रीत. त्यातही पोरं. खालच्या कोर्टात २०१० मध्ये शिक्षा झाल्या. पाटणा हायकोर्टानं एप्रिल २०१२ मध्ये बथानी टोल्याचे तेवीस सोडले नि ऑक्टोबर २०१३ मध्ये बाथ्याचे सव्वीस सोडले. पुरावा पुरेसा नाही म्हणून. एकवीस नि अठ्ठावन्न मिळून एकोणऐंशी प्रेतं. आणि मारणारा कुणीच नाही.

पोरं का मारली? सेनेच्या माणसांच्या तोंडचं कारण छापून आलेलं आहे. पोरं मोठी होऊन नक्षलवादी होतील म्हणून. बायका नक्षलवाद्यांना जन्म देतील म्हणून.

हे वाक्य नीट वाचा. राक्षसी आहे म्हणून पुढं जाऊ नका. ह्यात नवीन काय आहे? पोरानं काही केलेलं नाही, ते जे होणार आहे त्याची शिक्षा आज. त्याचा गुन्हा त्याच्या जन्मात आहे. ही तर आमच्या ओळखीची गोष्ट आहे! हीच जात. हजारो वर्षं हेच तर सांगितलं, की तू जन्मलास तिथंच तुझा निकाल लागला. ज्या धर्मशास्त्रात जन्म हाच गुन्हा, त्यात लहानपण ही वस्तूच नसते. ब्राह्मणाच्या पोराला मुंज होईस्तोवर मोकळीक असते. महाराचं, मांगाचं पोर पहिल्या दिवसापासनं महार नि मांगच. त्याला विटाळ मोठ्या माणसाएवढाच. त्याच्या सावलीला पोरपणाची सूट कुणी दिली नाही. शांततेच्या दिवसात ज्याला लेकरू मानलं नाही, त्याला गोळीच्या दिवसात लेकरू कोण मानणार?

म्हणून आमचं म्हणणं असं आहे, की बंदुकीपासनं पोरांना वाचवायचं काम जातीला हात घातल्याशिवाय होणार नाही. ज्यांना असं वाटतं की हा फक्त करारांचा, आयोगांचा, युनिसेफच्या पोस्टरांचा प्रश्न आहे, त्यांनी किळवेन्मणी, बथानी टोला, बाथे, सारकेगुडा, गट्टेपल्ली ही नावं एका ओळीत लिहून बघावीत. दलित. दलित-मुसलमान. दलित. आदिवासी. आदिवासी. हा योगायोग असेल तर आमच्या आळीला गावाच्या खालच्या अंगाला जागा मिळाली तोही योगायोगच.

सरकार मात्र म्हणतं, ह्या देशात सशस्त्र संघर्ष नाहीच. हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक अहवालातनं २०२३ मध्ये भारताचं नाव वगळलं गेलं तेव्हा केवढा आनंद झाला. नाव वगळलं ते बरं झालं म्हणा. पण मेलेली पोरं वगळता येतात का?

५

संयुक्त राष्ट्रांनी युद्धातले पोरांवरचे सहा मोठे गुन्हे ठरवलेत. मारणं नि लुळं-पांगळं करणं. भरती करणं. बलात्कार. पळवणं. शाळा-दवाखान्यावर हल्ला. आणि सहावा, पोरांपर्यंत मदत पोचू न देणं.

हा सहावा गुन्हा आमच्या तालुक्याला नवा नाही. १९०१ साली बंदूक नव्हती, लढाई नव्हती, तरी तो इथल्या वाटेवर घडलाय. दुष्काळात माणसं पटापट मरत होती. लोकांना काम म्हणून खटाव तालुक्यात तळं खणायचं चाललं होतं. तिथं गोरेगावला रामजी सुभेदार रोखपाल होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून त्यांची पोरं निघाली. मसूर स्टेशनात उतरली. कपडे स्वच्छ, बोलणं नीट, म्हणून स्टेशनमास्तरानं आपुलकीनं विचारपूस केली. कुणाची रं तुम्ही? महार म्हटल्यावर त्याचं तोंड फिरलं. गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडं कबूल केलं, तरी गाडी पोरांनीच हाकायची नि गाडीवान पायी चालणार. रात्र झाली. डबा सोबत होता, पण घशाखाली उतरायला पाणी नव्हतं. वाटेतल्या टोलनाक्यावर पाणी मागितलं तर तेही मिळालं नाही. पोरं उपाशीच निजली. त्यातलं एक पोर नऊ-दहा वर्षांचं होतं. त्याचं नाव भीमराव.

दुष्काळात सरकार तळं खणत होतं नि त्याच तालुक्याच्या वाटेवर चार पोरांना घोटभर पाणी मिळत नव्हतं. त्या नाकेदाराला आंतरराष्ट्रीय करार ठाऊक नव्हता. पण पोर तहानेलं आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं. करार नसल्यानं पाणी अडलं नव्हतं. सवालानं अडलं होतं. कुणाचं रं तू?

६

आता आपल्या घरातलं बोलू. दुसऱ्याच्या अंगणातला केर दाखवायचा नि आपला उंबऱ्याखाली सारायचा, हे आम्हाला जमत नाही.

आपल्या मोर्चात पोरं पुढं का असतात? फोटो चांगला येतो म्हणून? पोलीस बायका-पोरांवर काठी चालवायला कचरेल म्हणून? तो कचरत नाही हे नंदुरबारनं १९४२ मध्येच दाखवून दिलंय. कुठल्या गावात दगडफेक झाली की पहिल्यांदा धरतात ते बारा-पंधरा वर्षांचं पोर. पुढारी जीपमधनं निघून गेलेला असतो. त्या पोराची दहावी बुडते, त्याच्यावर केस पडते, नोकरीच्या वेळी चारित्र्याचा दाखला अडतो. आणि त्याच्या नावानं सभेत टाळ्या कोण घेतं? जीपवालाच.

कुणी म्हणेल, दलिताच्या पोराला लढाईपासनं लांब ठेवणारे तुम्ही कोण? ते जन्मतःच लढाईत आहे. अगदी खरं. म्हणूनच तर सांगतोय. त्याला लढाई कळू द्या, बाबासाहेब कळू द्या, महाड कळू द्या, जयंतीला ढोलापुढं नाचू द्या, त्याच्या हातात निळा झेंडा द्या. पण जिथं काठी पडायची, गोळी सुटायची शक्यता आहे तिथं त्याला ढाल म्हणून उभं करू नका. झेंडा देणं वेगळं नि ढाल करणं वेगळं. बाबासाहेबांच्या हुकुमातला पहिला शब्द शिका हा आहे. पहिला शब्द खाऊन एकदम शेवटच्यावर उडी मारणारा पुढारी बाबासाहेबांचा नव्हे, तो स्वतःच्या तिकिटाचा.

७

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. हातात घटनेची प्रत देऊन फोटो निघाले. बंदुका खाली आल्या हे चांगलंच झालं. आता कुणीतरी त्या रांगेतल्या एकेकाला साधी गोष्ट विचारा. रानात गेलास तेव्हा किती वर्षांचा होतास? जी उत्तरं येतील ती लिहून ठेवा. त्या यादीसारखा दुसरा खटला नाही, दलमवरही आणि त्या गावात वेळेवर शाळा न पोचवणाऱ्या सरकारवरही.

आमच्या मागण्या फार नाहीत.

चकमकीची प्रेसनोट निघायच्या आधी प्रत्येक मेलेल्याचं वय तपासा. कलम ९४ जित्याला लावता ते मेलेल्यालाही लावा. वय ठरेपर्यंत नक्षलवादी हा शब्द लिहू नका.

कलम ८३ चा मिटलेला डोळा उघडा. सरकारी माणूस असो, खाजगी सेना असो, दलम असो, पोर वापरणाऱ्याला एकच माप.

शाळेत, आश्रमशाळेत, वसतिगृहात बंदूक मुक्कामाला येणार नाही. कुणाचीच नाही.

रानातनं परत आलेलं पोर कॅमेऱ्यापुढं उभं करू नका. त्याला बक्षिसाचा चेक नको, वर्ग हवाय.

बथानी टोला नि बाथ्यात लेकरं कुणी मारली ह्याचं उत्तर द्या. कुणीच नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

आणि वडूजला, नंदुरबारला, जिथं जिथं ९ सप्टेंबरला हार पडतात, तिथं मेलेल्याच्या नावापुढं त्याचं वय लिहा. त्याखाली गोळीचा हुकूम देणाऱ्याचं नाव शोधून लिहा. शाळेच्या पोरांना तिथं ओळीनं उभं करता, तर तुम्हीही असंच मरा असं सांगू नका. तुमच्यावर ही पाळी येऊ देणार नाही, असं सांगा. तेवढं सांगायची मोठ्यांची तयारी नसेल तर हार परत न्या.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर एक काम आजच्या आज, फुकटात करण्यासारखं आहे. वाटेला पोर दिसलं तर जिभेवरचा जुना सवाल गिळून टाका. बाप कोण, आळी कुठली, टोळी कुठली, काही विचारू नका. पाणी द्या आणि एवढंच विचारा,

कितवीत हायस रं बाळा?

जयभीम.